ई-क्लासवरच्या उन्हाचे भाडे गावाला द्या

मा. मुख्यमंत्री तथा ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांना बुलढाणा जिल्ह्यातून खुले पत्र

महोदय,


हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की आमच्या जिल्ह्यात घरोघरी एकच चौकशी असते : या आठवड्यात लाईन दिवसाची की रातची? शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने येत आली. रातपाळी म्हणजे काय, ते आपण विदर्भाचे असल्यामुळे आपल्याला ठाऊक असेल, तरीही लिहितो. कडाक्याच्या थंडीत हातात बॅटरी घेऊन वावरात जायचे. स्प्रिंकलरचे पाईप चिखलातून उपसून पुढच्या पट्ट्यात नेऊन जोडायचे. पाय कशावर पडतो ते दिसत नाही. साप असतो, रानडुकरांचा कळप असतो, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायची भीती असते. लाईन कोणत्या घटकेला येईल याचा भरवसा नसतो, म्हणून लोक स्टार्टरला ऑटो स्विच लावून ठेवतात. मग लाईन आली रे आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, डीपीवर झेपणार नाही एवढा भार येतो आणि डीपी जळते. ती बदलून मिळेपर्यंत हरभऱ्याचा फुलोरा निघून गेलेला असतो.

त्यामुळे दिवसा वीज ही आमच्यासाठी जिवाची आणि पिकाची गोष्ट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने ती मनावर घेतली, याबद्दल आधी मनापासून आभार मानतो. २०१७ मध्ये ही योजना आली, राळेगणसिद्धीला सुरुवात झाली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि मार्च २०२४ मध्ये एका झटक्यात नऊ हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेचे देकार दिले गेले. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला या टप्प्यातला पहिला प्रकल्प सुरू झाला. आता राज्याचे उद्दिष्ट सोळा हजार मेगावॉटचे आहे. देशाचे चित्रही असेच झपाट्याने बदलले. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू, तेल यांच्याबाहेरच्या स्रोतांचा झाला. २०३० साठी ठरवलेली मजल पाच वर्षे आधीच गाठली गेली.

योजनेची कल्पना साधी आणि चांगली आहे. उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटा सौर प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज थेट ११ केव्हीच्या शेती फीडरवर सोडायची. वीज दुरून वाहून आणायची नाही, म्हणून गळती कमी. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास, म्हणून महावितरणवरचा बोजाही हलका. खरिपात मोटरी बंद असतात तेव्हा तीच वीज दुसरीकडे वापरता येते.

पण सरकारी जाहिरातीत मेगावॉट असतात आणि आम्हाला वावरात तास हवे असतात. या दोन मोजमापांत अंतर पडते ते फीडरच्या तारांमुळे. सौर प्रकल्प लाईनला जोडलेला असतो. खांब पडला, तार तुटली, जंप उडाला की सुरक्षिततेसाठी प्रकल्पही आपोआप बंद होतो. म्हणजे गावाच्या वेशीला वीस एकरांवर पॅनेल उन्हात तळपत उभे आहेत आणि शेजारच्या विहिरीवरची मोटर बंद आहे, असे होऊ शकते. माझी पहिली विनंती खर्चाची नाही. शेतीच्या प्रत्येक फीडरवर दर महिन्याला दिवसा किती तास पूर्ण दाबाची थ्री फेज वीज मिळाली, हा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. उपकेंद्रात त्याची नोंद असतेच. ती गावासमोर आली की कुठली तार बदलायची आणि कुठला खांब आधी धरायचा, ते कोणाला सांगावे लागणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

या प्रकल्पांना जमीन लागते. एका मेगावॉटला साधारण चार एकर. खासगी जमीन भाड्याने दिली तर योजनेत हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये मिळतात, वर दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार. कोरडवाहू सोयाबीनमधून आमच्या भागात खर्च वजा जाता एवढे हाती येत नाही, त्यामुळे जमीनमालकाने ती देणे समजण्यासारखे आहे. ती जमीन बटईने किंवा ठोक्याने करणारा आणि तिथे निंदणाला जाणारी बाई यांचे काम जाते, ही गोष्ट मात्र कोणत्याही करारात लिहिलेली नसते.

तरी खासगी जमिनीत निदान कोणाला तरी मोबदला मिळतो. सरकारी जमिनीचे काय? आमच्याकडे गायरानाला ई-क्लास म्हणतात. कागदावर ती जमीन सरकारची, पण वापर गावाचा. ती नाममात्र भाड्याने प्रकल्पाला दिली जाते आणि त्याबदल्यात ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षे, एकूण पंधरा लाख रुपये मिळतात. हिशेब मांडून पाहा. पाच मेगावॉटचा प्रकल्प, वीस एकर जमीन. ती खासगी मालकाची असेल तर वर्षाला दहा लाख. तीस वर्षांच्या करारात, वाढ धरली नाही तरी, तीन कोटी रुपये. तेवढीच जमीन ई-क्लासची असेल तर साऱ्या गावाला मिळून पंधरा लाख आणि चौथ्या वर्षापासून काही नाही. ऊन तेच, पॅनेल तेच, वीजही तेवढीच. फरक एवढाच की एकीकडे सातबाऱ्यावर माणसाचे नाव आहे आणि दुसरीकडे नाही.

आणि ई-क्लास कधीच रिकामी नसते. तलाठ्याच्या नोंदीत ती पड दिसते, पण मेंढपाळांचे कळप तिथे टेकतात. ज्यांना गुंठाभर जमीन नाही अशा बायांच्या दोन-चार शेळ्या तिच्यावर जगतात. अनेक गावांत भूमिहीन दलित आणि पारधी कुटुंबांनी तिथे कित्येक वर्षांपासून जोंधळा-तूर पेरली आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते अशाच पडीत जमिनींसाठी. त्या लढ्यातून किंवा त्याच्या आशेवर कसलेली जमीन सौर प्रकल्पाच्या नकाशात 'शासकीय पड' म्हणून रंगवली गेली, तर त्या कुटुंबांनी कोणाकडे जायचे? धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांनी वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यांच्याकडे निदान सातबारा होता.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. ई-क्लास जमीन प्रकल्पाला द्यायचीच असेल, तर खासगी जमिनीला जो दर आहे तोच दर, तेवढ्याच वर्षांसाठी, तेवढ्याच वाढीसह ग्रामनिधीत जमा व्हावा. जमीन देण्याआधी ग्रामसभा व्हावी. सरपंचाच्या सहीचा ठराव पुरेसा धरू नये. तिथे चराई करणारे आणि पेरणारे लोक त्या सभेत हजर असावेत आणि त्यांची नावे इतिवृत्तात यावीत. भाड्याचा एक ठरावीक हिस्सा चारा आणि पाणवठ्यासाठी राखून ठेवावा. वीज युनिटमागे काही पैशांनी महाग झाली तर होऊ द्या. जे पैसे आज शेळी पाळणाऱ्या बाईच्या वाट्याचे कापून वाचवले जातात, ते स्वस्ताई म्हणून मिरवण्यासारखे नाहीत.

पॅनेल आले म्हणजे जमीन कायमची बंद झाली असेही नाही. परदेशात मोठ्या सौर प्रकल्पांमध्ये मेंढ्या चरायला सोडतात. गवत कापण्याचा खर्च वाचतो आणि कळपाला सावली मिळते. पॅनेलचा सांगाडा थोडा उंच घेतला, तारा जमिनीत नीट पुरल्या, फाटक चराईच्या वेळी उघडले की झाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पॅनेलखाली पिके घेण्याचे प्रयोग झाले आहेत. आमच्या देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा भागातले शेतकरी शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन करतात. सावलीत पीक कसे जोपासायचे, परागीकरण कोणत्या वेळी करायचे, हे त्यांच्या घरातल्या बायांना विद्यापीठाइतकेच कळते. त्या शेडनेटच्या शेजारी एक प्रयोग अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून करून घ्या. रिकाम्या जागाही शोधल्या तर सापडतात. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजलगत कारंजा लाड आणि मेहकर इथे सौर प्रकल्प घेतले गेले, ही योग्य दिशा आहे. तिथे कोणाचा चारा गेला नाही.

सौर पंपांबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेने आमच्या भागात खरोखर मोठा बदल केला आहे. पैसे भरून वर्षानुवर्षे पेड पेंडिंगच्या यादीत ताटकळलेल्या माणसाला दहा टक्के भरून पंप मिळाला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्क्यांत मिळाला. रात्रीची फेरी संपली. हे काम मोठे आहे.

पण आमचा जिल्हा एकसारखा नाही. घाटावरचा बुलढाणा वेगळा, घाटाखालचा वेगळा. माझे वावर घाटावर, चिखली तालुक्यात. बहिणीचे सासर घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात. घाटावर खडकपूर्णा किंवा पेनटाकळीच्या बॅकवॉटरमधून लोक लांब लांब पाईपलाईन टाकून पाणी आणतात. तिथे पाणी किती लांबून आणि किती चढावर न्यायचे आहे, त्यावर मोटर ठरते. योजनेत मात्र ती सातबाऱ्यावरून ठरते : अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. दोन एकरवाल्याची पाईपलाईन लांब असेल तर तीन एचपीचे पाणी वावरापर्यंत पोचता पोचता बारीक होते. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या संत्रा पट्ट्यात बोअर खोल गेले आहेत, तिथेही तीच अडचण. एचपी ठरवताना एकरांबरोबर पाण्याची खोली आणि अंतर मोजा.

बहिणीच्या घरी दुसराच प्रश्न आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला तो भाग खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारे. ते काळ्या मातीला दिले की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, काही वर्षांत वावर हातचे जाते. अशा ठिकाणी फुकट चालणारा पंप बोअरवर बसवला, तर सरकारी अनुदानाने माती खराब करायची सोय होईल. खारपाणपट्ट्यात गोडे पाणी म्हणजे पावसाचे पाणी, ते शेततळ्यात साठवलेले. तिथे हवा तो लहान, शेततळ्यावर चालणारा, ट्रॉलीवरून एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर नेता येईल असा पंप आणि सोबत स्प्रिंकलर. खंड पडलेल्या पावसात सोयाबीनला दिलेले एक पाणी तिथे अख्खा हंगाम वाचवते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने या पट्ट्यात शेततळ्यांचे काम केले आहे. सौर पंपाची योजना त्याला जोडून द्या.

त्याच पट्ट्यात पिण्याच्या पाण्याचाही सवाल आहे. खाऱ्या पाण्याच्या गावांतून मूत्रपिंडाच्या आजाराची माणसे किती आहेत, हे तिथल्या कोणत्याही घरी विचारा. वान धरणातून जळगाव जामोद-संग्रामपूरसाठी १४० गावांची पाणीयोजना आहे. राज्यात ठिकठिकाणी ग्रामीण पाणीयोजना वीजबिलाच्या थकबाकीपायी बंद पडतात. वानच्या या योजनेच्या पंपगृहांना सौर वीज जोडून तिला थकबाकीच्या भीतीतून कायमचे सोडवावे. घाटाखाली सौरऊर्जेचा पहिला हक्क मोटरीच्या आधी या पाण्याचा आहे, असे माझे मत आहे.

संत्रा पट्ट्याची काळजी वेगळी. वीज फुकट, सूर्य फुकट, तर उपसा थांबवायचा कशाला? यावर गुजरातने एक वाट दाखवली. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सौर पंप असलेल्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. पाणी उपसण्याऐवजी वीज विकली तर पैसे मिळतात, म्हणजे पाणी जमिनीत राहू देण्यालाही किंमत आली. आमच्या पंपांची वीज वर्षातले कित्येक महिने वाया जाते. पॅनेल तापत बसतात आणि मोटर बंद असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात धुंडीसारखा प्रयोग करा. ज्यांच्या पंपाला लाईन जोडता येत नाही त्यांना असा कंट्रोलर द्या की त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालेल. केंद्राच्या कुसुम योजनेच्या नियमांत त्याला जागा आहे.

पंप बंद पडल्यावर काय, हेही सांगतो. आमच्या शिवारात वादळाने एका शेजाऱ्याचे पॅनेल उलथले. पाच वर्षांची हमी होती, विमाही होता. कंपनीचा फोन लागायचा, माणूस यायचा नाही. तोवर मिरची वाळली. दर तालुक्याला एक दुरुस्ती केंद्र असावे, तिथे सुटे भाग असावेत आणि आमच्याच आयटीआयमधून शिकलेली मुले असावीत. या उद्योगातून हजारो रोजगार येतील असे सांगितले जाते. पॅनेल बसवण्याचे काम चार महिन्यांत संपते. वीस-पंचवीस वर्षे टिकणारा रोजगार दुरुस्तीत आणि देखभालीत आहे, तो मेहकर-मलकापूरच्या मुलांना मिळावा.

मालकीचाही विचार करावा. हजारो मेगावॉटच्या निविदा मोठ्या समूहांकडेच जाणार, कारण एवढे भांडवल त्यांच्याकडेच आहे. पण कुसुमच्या 'अ' घटकात अर्धा ते दोन मेगावॉटचा प्रकल्प शेतकरी, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा पंचायतही काढू शकते. एका मेगावॉटला चार कोटींच्या आसपास खर्च येतो. ज्या जिल्ह्यात बुलडाणा अर्बनसारखी पतसंस्था उभी राहिली, तिथे ही रक्कम आवाक्याबाहेरची नाही. अडते ते विजेच्या खरेदी करारात, बँकेच्या तारणात आणि उपकेंद्राच्या परवानगीत. ही तीन कामे एका खिडकीतून करून द्या आणि प्रत्येक तालुक्यात एक मेगावॉट गावकऱ्यांच्या मालकीसाठी राखून ठेवा. तलावातला गाळ-मुरूम रस्त्याला आणि रस्त्याच्या निमित्ताने तलाव खोल, हा 'बुलढाणा पॅटर्न' याच जिल्ह्याने राज्याला दिला. दोन खात्यांची गरज एकमेकांत बसवली की काय होते, ते इथे सगळ्यांनी पाहिले आहे.

बॅटरीबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये केंद्राच्या निविदेत साठवणुकीचा दर मेगावॉटला महिना १०.८ लाख रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस राजस्थानात तो २.२ लाखांपर्यंत खाली आला. आता उपकेंद्रावर बॅटरी बसवून संध्याकाळची गावठाणाची वीजही उन्हाची देता येईल. आज संध्याकाळी दिवा लागतो तो अजून बऱ्याच अंशी पारससारख्या कोळशाच्या केंद्रांच्या जिवावर. त्या पारसला, शेगावच्या शेजारीच, आमच्या पऱ्हाटीचे ठोकळे कोळशात मिसळायला पाठवता येतील. केंद्राचे तसे धोरण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुऱ्यावर पेटवली जाणारी पऱ्हाटी गोळा करायला एक यंत्र आणि एक भाव मिळाला तर शेतकरी ती पेटवणार नाही.

शेवटी कराराच्या दुसऱ्या टोकाबद्दल. तीस वर्षांनी पॅनेल कोण उचलणार? ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सौर पॅनेल आले आहेत, पण ई-क्लासवर उभे केलेले सांगाडे, काँक्रीटचे पाये आणि फुटलेली काच काढून जमीन पूर्ववत करायची जबाबदारी करारात अनामत रकमेसह लिहिलेली हवी. कंपनी विकली गेली, नाव बदलले, तरी ती अनामत गावाच्या नावावर राहावी.

ई-क्लासच्या ज्या जमिनींचे प्रस्ताव आज जिल्हाधिकारी कार्यालयात आहेत, ते मंजूर करण्याआधी एकदा ग्रामसभांकडे परत पाठवा, भाड्याचा नवा दर सोबत जोडून. ग्रामसभा नाही म्हणेल अशी भीती प्रशासनाला वाटते. माझ्या माहितीतली गावे भाडे मिळणार असेल आणि चराई राहणार असेल तर हो म्हणतील. रातच्या लाईनीचा त्रास त्यांनाच सर्वांत जास्त झाला आहे.

आपला,
चिखली तालुक्यातील एक शेतकरी